माणशी दोन रुपयांचा हक्क

कायदा करून हक्क द्यायचा आणि अंदाजपत्रक मांडून तो काढून घ्यायचा, ही आपल्या राज्यकर्त्यांची जुनी हातोटी आहे. ज्यांना संघटना बांधता येते, मोर्चा काढता येतो, ते निदान या फसवणुकीविरुद्ध आवाज उठवतात. परंतु ज्यांना मोर्चा काढता येत नाही, ज्यांचे म्हणणे ऐकून घेण्याच्या लायकीचेच मानले जात नाही आणि ज्यांचे नातलग लाजेपोटी तोंड मिटून बसतात, त्या मनोरुग्णांच्या बाबतीत ही हातोटी जितक्या बिनदिक्कतपणे वापरली गेली आहे, तितकी क्वचितच अन्यत्र वापरली गेली असेल.

संसदेने २०१७ मध्ये मानसिक आरोग्यसेवा कायदा संमत केला आणि २९ मे २०१८ पासून तो अमलात आला. १९१२ च्या ब्रिटिश कायद्याने मनोरुग्णाकडे बंदोबस्ताचा प्रश्न म्हणून पाहिले. १९८७ च्या कायद्याने भाषा बदलली, पण भर रुग्णालयाच्या भिंतींवरच राहिला. २०१७ च्या कायद्याने मात्र प्रथमच असे मान्य केले, की शासनाने चालवलेल्या अथवा शासनाच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांमधून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. या कायद्याचे अठरावे कलम आपल्या कार्यकर्त्यांनी मुळातून वाचले पाहिजे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला उपचार मोफत मिळाले पाहिजेत, असे ते सांगते. प्रत्येक जिल्ह्यात किमान सेवा असलीच पाहिजे, आणि ती नसेल तर रुग्णाने त्याच जिल्ह्यात अन्यत्र घेतलेल्या उपचारांचा खर्च शासनाने सोसला पाहिजे, असे ते सांगते. अत्यावश्यक औषधांच्या यादीतील मानसिक आजारांवरील औषधे सामूहिक आरोग्य केंद्रापासून, म्हणजे आपल्याकडील ग्रामीण रुग्णालयापासून, वरच्या प्रत्येक शासकीय रुग्णालयात सर्व काळ विनामूल्य उपलब्ध असली पाहिजेत, असेही ते सांगते. पुढे एकतिसाव्या कलमात, कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत लोकसंख्येच्या प्रमाणात आंतरराष्ट्रीय मानकांइतके तज्ज्ञ उपलब्ध करण्याचा प्रयत्न शासन करील, असे वचन आहे. ही दहा वर्षांची मुदत मे २०२८ मध्ये पुरी होते.

एवढे उदार वचन देणाऱ्या सरकारने त्यासाठी पैसा किती ठेवला? २०२३-२४ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात मानसिक आरोग्यासाठी म्हणून थेट दाखवलेली रक्कम सुमारे ९१९ कोटी रुपये होती. आरोग्य मंत्रालयाच्या सुमारे ८९ हजार कोटींच्या तरतुदीत हे प्रमाण जेमतेम एक टक्का भरते. त्या ९१९ कोटींपैकी सुमारे ७२१ कोटी बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेला, सुमारे ६४ कोटी आसामातील तेजपूरच्या संस्थेला आणि उरलेले सुमारे १३४ कोटी दूरध्वनीवरून सल्ला देणाऱ्या 'टेलि-मानस' योजनेला. बंगळूरच्या संस्थेचे कार्य मोठे आहे आणि तिला मिळणाऱ्या पैशाबद्दल कोणी असूया बाळगू नये. परंतु गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या रुग्णाच्या दृष्टीने बंगळूर हे परदेशाइतकेच दूर आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतील कार्यक्रमाची रक्कम राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या मोठ्या थैलीत मिसळलेली असते. ती किती आहे आणि खर्च किती झाली, हे सामान्य नागरिकाला अंदाजपत्रक उघडून कळण्याची सोय नाही. जो खर्च वेगळा दिसत नाही, तो कापला गेल्याचेही दिसत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही समजते.

१९६३ मध्ये डॉ. राममनोहर लोहियांनी लोकसभेत सरकारचा पंधरा आण्यांचा दावा खोडून काढताना या देशातील कोट्यवधी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात, हे आकडे मांडून दाखवले होते. आकडा हे गरिबाचेही शस्त्र होऊ शकते, हा त्या वादाचा धडा होता. तोच हिशेब येथे करून पाहू. ९१९ कोटी रुपये १४० कोटी लोकांत वाटले, तर माणशी वर्षाला साडेसहा रुपये होतात, म्हणजे दिवसाला दोन पैसेही नाहीत. आता जिल्ह्याचा हिशेब पाहा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली एका जिल्ह्याला वर्षाकाठी जास्तीत जास्त सुमारे ८३ लाख रुपयांचे साहाय्य मिळू शकते, असे केंद्र सरकार सांगते. २०११ च्या जनगणनेनुसार अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्याची लोकसंख्या ४५ लाखांवर होती. हे सगळे साहाय्य हाती पडले आणि त्यातला पै न् पै खर्ची पडला, असे गृहीत धरले, तरी या जिल्ह्यातील माणसाच्या वाट्याला वर्षाला दोन रुपयेसुद्धा येत नाहीत. संसदेने दिलेल्या हक्काची ही बाजारभावाने किंमत आहे.

गरज किती, सोय किती

गरज मोठी नाही, म्हणून तरतूद लहान आहे, असे म्हणण्याची सोय सरकारला नाही. सरकारच्याच सांगण्यावरून बंगळूरच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय पाहणी केली. दर शंभर प्रौढांपैकी दहा ते अकरा जण पाहणीच्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त होते, आणि विकाराच्या प्रकारानुसार त्यांतील ७० ते ९२ टक्के लोकांना कोणताही उपचार मिळत नव्हता, असे तीत आढळले. देशात एक लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. हे प्रमाण अवघे ०.७५ असल्याचे २०२३-२४ च्या केंद्रीय आर्थिक पाहणी अहवालातच नमूद आहे, आणि हे तज्ज्ञही बहुतांशी मोठ्या शहरांत आहेत.

महाराष्ट्र हे पुढारलेले राज्य. त्याची स्थिती काय आहे? ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील चार प्रादेशिक मनोरुग्णालये हा आपल्या व्यवस्थेचा कणा. ही चारही रुग्णालये ब्रिटिश अमदानीतील आहेत आणि त्यांतील एकही मराठवाड्यात नाही. स्वतंत्र राज्याने साठ-पासष्ट वर्षांत साखर कारखाने उभारले, द्रुतगती मार्ग बांधले, विमानतळ आखले. मनोरुग्णांच्या बाबतीत मात्र गोऱ्या साहेबाने ठेवलेल्या वारशावर दिवस काढले. त्याच महाराष्ट्रात राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ या एका वर्षात २२,७४६ लोकांनी आत्महत्या केल्या. हा आकडा देशातील सर्व राज्यांत सर्वाधिक होता. दिवसाला साठांहून अधिक मृत्यू! आणि देशभर त्या वर्षी ज्यांनी जीव दिला, त्यांतील चौघांत एकाहून अधिक जण रोजंदारीवर जगणारे होते. मन हे श्रीमंतांनाच असते, अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी हा आकडा पुन्हा एकदा वाचावा.

आपल्याच घरातला आक्षेप

ही समजूत केवळ सत्ताधाऱ्यांची असती, तर हा लेख येथेच संपवता आला असता. परंतु आपल्या चळवळीतही एक आक्षेप वारंवार ऐकू येतो आणि त्याचा समाचार घेणे अधिक अगत्याचे आहे. साथी म्हणतात, 'मानसिक आरोग्य ही मध्यमवर्गाची चैन आहे. शेतकरी मरतो तो कर्जापायी आणि पडलेल्या भावापायी. त्याला हमीभाव देण्याऐवजी समुपदेशक पाठवणे म्हणजे सरकारचे पाप रोग्याच्या डोक्यात शोधणे होय.'

या आक्षेपात अर्धे सत्य आहे आणि ते ठणकावून सांगितलेच पाहिजे. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. घरोघर जाऊन प्रश्नावली भरण्याचे काम आशा कार्यकर्त्यांवर सोपवले. कापसाचा भाव, सावकारी कर्ज, पीकविम्याचा घोळ या प्रश्नांना हात न घालता केवळ निराशेची मोजदाद करणारे शासन रोगाचे कारण सोडून रोग्याचीच झडती घेते, हे म्हणणे खरे आहे. परंतु उरलेले अर्धे सत्य काय? क्षयरोग दारिद्र्याने, कोंदट घरांनी आणि अर्धपोटी राहण्याने पसरतो, हे आपण शंभर वर्षे सांगत आलो. म्हणून क्षयाचे औषध मागू नका, आधी दारिद्र्य हटू द्या, असे आपल्यापैकी कोणी म्हटले काय? उलट, औषध फुकट द्या आणि घरेही द्या, अशी दुहेरी मागणी आपण केली. मनाच्या आजाराबाबतच आपला न्याय का बदलावा? शिवाय छिन्नमनस्कतेने पछाडलेला तरुण हमीभावाची वाट पाहत थांबत नाही. बाळंतपणानंतर खोल निराशेत बुडालेली शेतमजूर स्त्री कर्जमाफीच्या शासननिर्णयाने बरी होत नाही. या आजारांनी वर्ग पाहिलेला नाही. वर्ग पाहिला आहे तो उपचारांनी. पैसेवाल्याचा मुलगा खाजगी रुग्णालयात जातो, महिन्याच्या महिन्याला औषध घेतो आणि नोकरीवर परततो. गरिबाचा मुलगा गोठ्यात साखळीने बांधला जातो. ही विषमता जर समाजवाद्याचा प्रश्न नसेल, तर मग समाजवाद्याचा प्रश्न तरी कोणता?

खेड्यातील माणूस असल्या उपचारांना तयार होत नाही, हीही सबब खरी नाही. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत स्वयंसेवी संस्थांनी 'विश्राम' नावाचा प्रयोग केला. गावातीलच माणसांना शिकवून घरोघर पाठवले, समुपदेशक नेमले आणि गरज असेल तेथे तज्ज्ञाची जोड दिली. २०१४ च्या आरंभी नैराश्यग्रस्तांपैकी केवळ ४.३ टक्के लोक कोणत्या तरी उपचारापर्यंत पोहोचत होते. २०१५ च्या अखेरीस हे प्रमाण २७.२ टक्के झाले. हा विदर्भच होता, तीच कर्जे होती, तोच कापूस होता. बदलले ते एवढेच, की उपचार दाराशी आला. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने याहीपूर्वी हे सिद्ध केले होते. वैद्यकीय पदवी नसलेल्या, परंतु नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांच्या साहाय्याने शासकीय प्राथमिक आरोग्य केंद्रांतील नैराश्याचे रुग्ण अधिक संख्येने बरे होतात, हा तेथील निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट' या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. केरळने प्राथमिक स्तरावरील कुटुंब आरोग्य केंद्रांत नैराश्यासाठी 'आश्वासम्' चिकित्सालये सुरू केली. म्हणजे तंत्र ठाऊक आहे, अनुभव गाठीशी आहे. अभाव आहे तो इच्छेचा.

आणि एक गोष्ट अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात घ्यावी. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका दर्ग्याच्या परिसरातील खाजगी निवाऱ्याला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यांच्या नातलगांना आपण अडाणी म्हणून मोकळे होतो. परंतु भगत, देवऋषी किंवा दर्ग्याचा मुजावर अपरात्रीही दार उघडतो, रुग्णाच्या आईचे ऐकून घेतो आणि तिला उद्या या म्हणत नाही. सरकारी दवाखान्यात मात्र डॉक्टर ठरावीक वारी येतो, औषध संपलेले असते आणि जिल्ह्याच्या गावी जाऊन येण्यात एका दिवसाची मजुरी व दोन माणसांचे एसटी भाडे जाते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी आयुष्य वेचले, तो २०१३ मध्ये त्यांच्या हत्येनंतर झाला. भगताचे दार बंद करण्याचा अधिकार त्याने दिला. पण त्याच्या शेजारी दवाखान्याचे दार उघडले नाही, तर रुग्णाच्या आईने जावे कोठे?

नफ्याची भाषा नको

आता सरकारच्या आणि सरकारच्या सल्लागारांच्या युक्तिवादांकडे वळू. पहिला युक्तिवाद नेहमीचा, पैसा नाही हा. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने कंपन्यांवरील कराचे दर एका फटक्यात उतरवले आणि त्यापायी वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडत असल्याचे स्वतःच जाहीर केले. मानसिक आरोग्याच्या ९१९ कोटींच्या दीडशे पटींहून ही रक्कम अधिक आहे. तेव्हा तिजोरी रिकामी आहे हे खरे नसून ती कोणासाठी उघडते आणि कोणासाठी नाही, एवढाच प्रश्न आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरवले होते. २०२१-२२ मध्ये, म्हणजे कोविडच्या महासंकटातही, तो १.८४ टक्क्यांवरच होता.

दुसरा युक्तिवाद अधिक गोड आहे, म्हणून अधिक घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासकांनी २०१६ मध्ये हिशेब मांडला, की नैराश्य व चिंताविकार यांच्या उपचारांवर खर्च केलेला एक डॉलर चार डॉलर मिळवून देतो. तेव्हापासून परिसंवादांतून हेच पालुपद ऐकू येते: मानसिक आरोग्यात गुंतवणूक करा, उत्पादकता वाढेल. हिशेब चुकीचा आहे असे नाही. अर्थमंत्र्यांचे मन वळवायला तो उपयोगीही पडेल. परंतु त्याच्यामागचे तत्त्व स्वीकारले, तर ज्याच्यावर खर्चलेला रुपया चार रुपये परत आणणार नाही, त्याचे काय? वीस वर्षे छिन्नमनस्क असलेला माणूस कारखान्यात परत जाणार नाही. स्मृतिभ्रंशाने ग्रासलेली म्हातारी राष्ट्रीय उत्पन्नात भर घालणार नाही. त्यांनी मग गोठ्यातच राहावे काय? माणसाचे मोल त्याच्या उत्पादकतेने करणे हा भांडवलशाहीचा मूलमंत्र आहे; तो करुणेच्या वेष्टनात आला म्हणून आपण त्याला मान डोलावता कामा नये. उपचार हा हक्क आहे, कारण तो माणूस आहे. हिशेब यानंतर सुरू होतो.

तिसरा मार्ग विम्याचा आणि दूरध्वनीचा. 'आयुष्मान भारत'सारखी विमा योजना रुग्ण खाटेवर दाखल झाल्यावर पैसे देते. मानसिक आजारात मात्र बहुतेकांना खाटेची गरजच नसते. त्यांना गावाजवळ, वर्षानुवर्षे, न चुकता गोळी आणि आधार हवा असतो. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेलि-मानस'ला कोणी वाईट म्हणणार नाही. मध्यरात्री घाबरलेल्या माणसाला कोणीतरी उत्तर देते, ही मोठी गोष्ट आहे. परंतु दूरध्वनीतून गोळी पडत नाही आणि घरात एकच फोन असून तो नवऱ्याच्या खिशात असला, तर बायको कोणाशी बोलणार? दूरध्वनी हे फार तर दवाखान्याचे दार होईल. दाराच्या पलीकडे दवाखानाच बांधायचा नाही, असे ठरवले की ते दार नुसते चित्र ठरते.

भिंती नव्हेत, माणसे

मग पैसा हवा तो कशासाठी? नव्या चिरेबंदी वेड्यांच्या इस्पितळांसाठी नव्हे. इटलीत फ्रँको बझालिया या डाव्या विचारांच्या मानसोपचारतज्ज्ञाने त्रिएस्तच्या मनोरुग्णालयाची दारे उघडली आणि त्या चळवळीतून १९७८ मध्ये मनोरुग्णालयांत नव्याने भरती करण्यास मनाई करणारा कायदा झाला. त्रिएस्तमध्ये तो टिकला, कारण भिंती पाडताना शहराच्या वस्त्यावस्त्यांतून रात्रंदिवस चालणारी केंद्रे उभी केली गेली. अमेरिकेने १९६३ मध्ये वस्तीपातळीवरील केंद्रांचा कायदा केला, पण रुग्णालये रिकामी झाली त्या प्रमाणात केंद्रे उभी राहिली नाहीत. पुढे १९८१ मध्ये रीगन सरकारने केंद्राच्या निधीलाही कात्री लावली, आणि अनेक मनोरुग्ण रस्त्यावर व तुरुंगात जाऊन पडले. भिंती पाडणे स्वस्त असते. भिंतीबाहेर घर देणे महाग असते. आपल्याकडे तर याहून सोपी वाट काढण्यात आली. बऱ्या झालेल्या रुग्णांसाठी पुनर्वसनगृहे उभारण्याऐवजी त्यांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवले जात होते. जुलै २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र शासनास हा प्रकार ताबडतोब थांबवण्याचा आदेश द्यावा लागला. फुले-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या राज्याच्या तोंडावर यापेक्षा मोठी चपराक कोणती?

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. केंद्राच्या व राज्याच्या अंदाजपत्रकात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष असावे आणि त्याखालील मंजूर व प्रत्यक्ष खर्च जिल्हावार जाहीर व्हावा. कायद्याने ग्रामीण रुग्णालयापासून देऊ केलेली मोफत औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत खाली आणावीत. जिल्हा पथकांतील मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते आणि परिचारिका यांची पदे कंत्राटी न ठेवता कायम करावीत. बऱ्या झालेल्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात निवारा व रोजगार यांची सोय असावी. आणि ज्या आशा कार्यकर्तीच्या खांद्यावर गावाच्या मनाचेही ओझे टाकण्यात आले आहे, तिला तुटपुंज्या मोबदल्यावर न राबवता शासकीय कर्मचाऱ्याचा दर्जा व वेतन द्यावे. जिला स्वतःला पुढच्या महिन्याच्या खर्चाची भ्रांत आहे, तिनेच शेजारणीला धीर द्यावा, अशी अपेक्षा करणे हा क्रूर विनोद आहे. आशांच्या संपाला आपण पाठिंबा देतो, तो आरोग्यसेवेचा प्रश्न म्हणूनही दिला पाहिजे.

या मागण्या मुंबईत निवेदन देऊन पुऱ्या होणार नाहीत. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी अत्यावश्यक औषधांची यादी हाती घेऊन आपल्या ग्रामीण रुग्णालयात जावे आणि यादीतील मानसिक आजारांवरची कोणती औषधे आज फडताळात आहेत, हे लेखी विचारावे. माहितीच्या अधिकाराखाली जिल्हा कार्यक्रमाचा गेल्या तीन वर्षांचा जमाखर्च मागवावा, रिक्त पदांची संख्या मागवावी. जिल्हा नियोजन समितीत आपला माणूस असेल, तर त्याने हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर आणावा. नसेल, तर बैठकीच्या दाराशी निदर्शने करावीत. जेथे सेवाच नाही, तेथे रुग्णाने बाहेर केलेल्या उपचारखर्चाच्या परताव्याचे अर्ज अठराव्या कलमाचा आधार घेऊन दाखल करावेत. एका जिल्ह्यातून असे पाचशे अर्ज गेले, तर जे विधिमंडळातील भाषणांनी साधले नाही, ते कदाचित कोषागारावरील या दडपणाने साधेल.

आणि सर्वांत आधी, आपल्या शाखांच्या बैठकांत या विषयावर बोलण्याची लाज सोडावी. कोणत्या कार्यकर्त्याच्या घरात असा रुग्ण आहे, हे शेजाऱ्यालाही ठाऊक नसते. तो बैठकीला का येईनासा झाला, याची चौकशीही आपण करत नाही. हमाल, मोलकरीण, देवदासी, कचरावेचक, ज्यांना समाजाने माणसांत धरले नाही, त्यांना उभे करण्याचे काम या महाराष्ट्रातील समाजवादी चळवळीने केले आहे. त्या रांगेतला हा शेवटचा माणूस अजून साखळीत आहे. कायद्याची मुदत मे २०२८ मध्ये संपते, आणि तोवर किती जिल्ह्यांतून अर्ज गेले, किती फडताळांत औषध आले, याचा हिशेब सरकारइतकाच आपल्यालाही द्यावा लागेल.